गोल्डन गेटशेजारचा चर्ट: समुद्रतळ साचतो कसा आणि दुमडतो कसा

गोल्डन गेट पुलावरून सॅन फ्रान्सिस्को मागे टाकून उत्तरेला आलं की डाव्या हाताला मरिन हेडलँड्सच्या टेकड्या लागतात. कॉन्झेलमन रोड नावाचा रस्ता त्या टेकड्यांवर चढत जातो. बे एरियातली मराठी मंडळी पाहुण्यांना हौसेने इथे घेऊन येतात, कारण पुलाचा देखणा फोटो इथून मिळतो. फोटो काढताना सगळ्यांची पाठ मात्र रस्त्यालगतच्या दरडीकडे असते. त्या दरडीत विटकरी रंगाचे शेकडो थर एकावर एक रचलेले दिसतात. एकेक थर दोन ते दहा सेंटिमीटर जाडीचा, आणि दर दोन थरांमध्ये शेल खडकाचा, म्हणजे चिकणमातीच्या मऊ दगडाचा, पातळ पापुद्रा. हे सगळे थर सरळ नाहीत. कागदी पंख्यासारखे टोकदार कोनात वर-खाली दुमडलेले आहेत. हा खडक म्हणजे चर्ट. खोल समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचा तो दगड झाला आणि खंडाच्या कडेला येऊन चुरगळला.

सह्याद्रीत वाढलेल्या डोळ्यांना हे दृश्य अनोळखी असतं. आपल्याकडचा काळा पाषाण लाव्ह्याच्या आडव्या पायऱ्यांचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो जमिनीवर पसरला आणि बहुतेक ठिकाणी तसाच आडवा राहिला. त्यामुळे दुमडलेला थर दिसला की पहिला प्रश्न येतो तो ताकदीचा: इतका कठीण दगड वाकवला कुणी? प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा. भूपट्टांचा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांचा, रेटा जगात अनेक ठिकाणी आहे, तरी घड्या सगळीकडे अशा नीटस पडत नाहीत. इथे त्या पडल्या याचं कारण थरांमधले ते पापुद्रे. चिरोट्याची पोळी लाटताना मध्ये साटा लावला नाही तर पदर सुटत नाहीत, सगळं मिळून एक गोळा होतो. चर्टच्या थरांमधला शेल हा तो साटा आहे, आणि तो गाळ साचतानाच लावला गेला.

सुरुवात तळापासून करू. मध्य-सागरी रांगेवर, म्हणजे भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात तिथे, लाव्हा पाण्याखाली बाहेर पडतो. थंड पाण्यामुळे त्याची साल लगेच आवळते, आत अजून रस असतो, तो साल फोडून पुढे येतो आणि पुन्हा गोठतो. असे अर्धा-एक मीटरचे गोळे उशांसारखे एकमेकांवर पडत जातात, म्हणून त्याला उशी-लाव्हा म्हणतात. मरिन हेडलँड्सच्या टोकाला असलेलं पॉइंट बोनिटाचं दीपगृह अशा उशांवरच उभं आहे आणि तिथल्या वाटेवर त्या अगदी हाताच्या अंतरावर दिसतात. रांगेवर समुद्राची खोली साधारण २,५०० मीटर असते. भूपट्ट रांगेपासून दूर सरकत गेला की थंड होतो, जड होतो आणि खचतो. सुमारे ७ कोटी वर्षं वयापर्यंत याचा हिशेब सोपा आहे: वयाचा आकडा दशलक्ष वर्षांत घ्यायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं, त्याला ३५० ने गुणायचं आणि २,५०० मिळवायचे. उत्तर मीटरमध्ये येतं. ९० लाख वर्षांच्या तळाची खोली ३,५५० मीटर, अडीच कोटी वर्षांच्या तळाची ४,२५०, आणि ३ कोटी ६० लाख वर्षांच्या तळाची ४,६०० मीटर.

ही खोली महत्त्वाची आहे, कारण तळावर कोणता गाळ टिकणार हे तिच्यावर ठरतं. वरच्या उजेडाच्या पाण्यात सूक्ष्म जीव जगतात आणि मरून खाली पडतात. काहींची कवचं चुन्याची, काहींची सिलिकाची, म्हणजे काच आणि गारगोटी ज्याची असते त्या द्रव्याची. खोल पाणी थंड असतं, दाब जास्त असतो, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, त्यामुळे एका पातळीखाली चुन्याची कवचं साचण्यापेक्षा वेगाने विरघळतात. आजच्या पॅसिफिकच्या बऱ्याच भागात ही पातळी साधारण ४,२०० ते ४,५०० मीटरच्या आसपास आहे. तिच्या खाली चुन्याचा चिखल साचत नाही. उरतात दोनच गोष्टी: सिलिकाची कवचं आणि वाऱ्याने उडवून आणलेली अतिसूक्ष्म माती. शिवाय हा चर्ट साचू लागला त्या ज्युरासिक काळाच्या सुरुवातीला (सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी) खुल्या समुद्रात चुन्याचं कवच करणारे तरंगते जीव आजच्याइतके नव्हतेच.

सिलिकाचं कवच करणारे इथले जीव म्हणजे रेडिओलेरिया. एकपेशी, साधारण ०.०५ ते ०.२ मिलिमीटर आकाराचे, आणि कवच म्हणजे जाळीदार काचेचा गोल किंवा शंकू, त्याला काटे. समुद्राचं पाणी सिलिकाने कधीच संपृक्त नसतं, आणखी विरघळवायला त्यात जागा असते. त्यामुळे ही कवचंही पडता पडता आणि तळावर पडून राहिल्यावर विरघळतच असतात. बहुतेक जातात, थोडी उरतात. जी विष्ठेच्या गोळ्यांत बांधली जाऊन लवकर खाली पोहोचतात आणि वरून पुढच्या गाळाखाली झाकली जातात, ती वाचतात. म्हणून रेडिओलेरियाचा चिखल समुद्रात सगळीकडे साचत नाही. जिथे खालचं खनिजयुक्त पाणी वर येतं, जीव भरपूर असतात, अशा पट्ट्यांखाली तो साचतो. विषुववृत्ताचा पट्टा त्यातला मुख्य. मरिनच्या चर्टमधले रेडिओलेरियाही तशाच कमी अक्षांशांच्या उबदार पाण्याकडे बोट दाखवतात.

आता वेगाचा हिशेब. भूवैज्ञानिक बॉनी मर्ची यांनी १९८४ मध्ये या चर्टमधल्या रेडिओलेरियांच्या जाती थरागणिक लावून दाखवल्या. थरांची एकूण जाडी सुमारे ८० मीटर, आणि काळ ज्युरासिकच्या पूर्वार्धापासून त्यानंतरच्या क्रिटेशियस काळाच्या मध्यापर्यंत, म्हणजे ढोबळमानाने १० कोटी वर्षांचा. भागाकार केला की दर हजार वर्षांना ०.८ मिलिमीटर दगड. चर्ट आणि त्यावरचा पापुद्रा मिळून एक जोडी पाच सेंटिमीटर धरली, तर ८० मीटरमध्ये १,६०० जोड्या येतात आणि एका जोडीला सरासरी साठेक हजार वर्षं लागतात. सरासरीच आहे ही. मध्ये गाळ न साचलेले काळही असणार. पण दरडीवर चार बोटं टेकवली की बोटांखाली किती काळ येतो, याचा अंदाज त्यातून येतो.

चर्ट-शेल, चर्ट-शेल हा ठेका मुळात का पडला, यावर भूवैज्ञानिकांचं आजही पूर्ण एकमत नाही. एक मत असं की पृथ्वीच्या अक्षाच्या आणि कक्षेच्या हजारो वर्षांच्या आवर्तनांमुळे समुद्राची उत्पादकता कमी-जास्त झाली. जीव भरपूर असताना चर्टचा थर, कमी असताना नुसती माती. जपानमधल्या इनुयामा इथल्या अशाच पट्टेदार चर्टवर या दिशेने फार काटेकोर काम झालं आहे. दुसरं मत असं की समुद्रतळावरच्या उंचवट्यांवरून कवचांचा गाळ अधूनमधून घसरून येत होता, आणि मधल्या शांत काळात मातीचा पातळ थर पडत होता. तिसरं मत असं की गाळ सुरुवातीला तितका वेगवेगळा नव्हताच, सिलिका नंतर सरकली. मला पहिलं आणि तिसरं मिळून खरं वाटतं: थोडा फरक साचतानाच होता, तो पुढे रसायनाने ठळक केला.

ते रसायन असं. ताजं कवच ओपलचं असतं, म्हणजे पाणी धरून ठेवलेली अस्फटिकी सिलिका. गाळात त्या वेळी ऐंशी टक्क्यांच्या आसपास जागा पाण्याची असते. वर गाळ साचत जातो, तापमान वाढतं, काळ जातो. ओपल विरघळून पुन्हा बारीक गोलकांच्या रूपात बसतं, त्याला ओपल-सीटी म्हणतात. मग तेही विरघळून सूक्ष्मकणी क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकी सिलिका, होतं. पहिल्या बदलाला कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या एका प्रसिद्ध सिलिकायुक्त खडकात, मॉन्टेरे फॉर्मेशनमध्ये, ४५-५० अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागलेलं दिसतं. पण तापमान एकटं ठरवत नाही. वेळ भरपूर असेल तर कमी तापमानातही हे घडतं. माती मिसळलेली असेल तर पहिला बदल रेंगाळतो. म्हणजे स्वच्छ थर आधी कठीण होतात, आणि शेजारच्या मातकट थरातली विरघळलेली सिलिका त्यांच्याकडे ओढली जाते. स्वच्छ थर अधिक स्वच्छ, मातकट थर अधिक मातकट. या सगळ्यात पाणी निघून जातं आणि जाडी पार आक्रसते. शेवटी जो चर्ट उरतो त्याची कठीणता मोह्‌सच्या मापावर ७. पोलादी चाकूने ओरखडा उठत नाही, उलट चाकूचं पोलाद दगडावर करड्या रेघेसारखं उतरतं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर बुडबुडे येत नाहीत, आणि चुनखडकापासून त्याला वेगळं ओळखायला एवढं पुरतं. मध्ये उरलेला शेल नखाने खरवडतो.

लाल रंग हेमॅटाइट या लोहाच्या खनिजाचा. समुद्रतळावर ऑक्सिजन होता, गाळ अतिशय सावकाश साचत होता, त्यामुळे लोह पूर्ण गंजलं. जिथे नंतर त्या लोहाचं क्षपण झालं, म्हणजे त्यातला ऑक्सिजन कमी झाला, तिथे चर्ट हिरवा दिसतो. चर्टमध्ये अधूनमधून मँगनीजचे काळे डाग आणि पट्टे मिळतात.

चर्ट किती कठीण, याचा दाखला खोल समुद्रातल्या ड्रिलिंगने फार चांगला दिला. १९६८ मध्ये ग्लोमार चॅलेंजर जहाजाने समुद्रतळाला भोकं पाडून गाळाचे नमुने काढायला सुरुवात केली. मऊ चिखल झपाट्याने कापला जायचा आणि मग चर्टचा थर लागला की बिट, म्हणजे ड्रिलचं टोक, बोथट. बिट बदलायचा तर हजारो मीटरचा पाइप वर ओढायचा, आणि पुन्हा खाली सोडल्यावर तेच भोक सापडायचं नाही. १९७० मध्ये त्यावर उपाय निघाला: तळावरच्या भोकाच्या तोंडाशी मोठं नरसाळं बसवायचं आणि सोनार यंत्राच्या ध्वनिलहरींनी त्याचा ठाव घेऊन नवा बिट त्यात उतरवायचा. खोल समुद्रात पुन्हा त्याच भोकात शिरण्याचं तंत्र आलं ते चर्टने अडवलं म्हणून. आणि त्याच ड्रिलिंगमुळे डोंगरातल्या चर्टला आजच्या समुद्रतळावर त्याची भावंडं मिळाली. त्याआधी, इथली सिलिका पाण्याखालच्या उष्ण झऱ्यांतून आली, असं मानणारा मोठा गट होता.

चर्टचं वय काढण्याची पद्धतही जवळून बघण्यासारखी आहे. दगडातले रेडिओलेरिया क्वार्ट्झचे आणि भोवतालचा दगडही क्वार्ट्झचा, मग ते सोडवायचे कसे? सत्तरच्या दशकात हायड्रोफ्लुओरिक आम्लाची रीत रूढ झाली. दगडाचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून प्लास्टिकच्या भांड्यात ठेवतात. काच चालत नाही, हे आम्ल काच खातं. त्यावर साधारण पाच टक्क्यांचं सौम्य आम्ल ओतून एक दिवस ठेवतात. कवचाच्या आतली-भोवतीची सिलिका आणि कवच यांच्या कणांच्या ठेवणीत, मातीच्या आणि लोहाच्या प्रमाणात किंचित फरक असतो, त्यामुळे दगड कवचापेक्षा जरा लवकर झिजतो आणि कवचं पृष्ठभागावर उघडी पडून सुटतात. तो गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याने धुऊन घेतात, आणि उरलेल्या तुकड्यांवर तीच क्रिया पुन्हा पुन्हा करतात. बिघडतं ते दोन ठिकाणी. आम्ल तीव्र घेतलं किंवा जास्त वेळ ठेवलं तर कवचंही जातात, हाती नुसते गोळे येतात. आणि दगड आधीच फार तापून त्याचे कण मोठे झाले असतील तर कितीही काळजी घेतली तरी काही निघत नाही. हे काम धूर ओढणाऱ्या कपाटाशिवाय, योग्य हातमोज्यांशिवाय आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचा जेल हाताशी असल्याशिवाय कुणीही करू नये. हे आम्ल कातडीतून आत जातं, सौम्य असेल तर सुरुवातीला दुखतही नाही, आणि शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. घरी करण्याचा हा प्रयोग नव्हे.

साध्या डोळ्यांना रेडिओलेरिया दिसतात का? जवळजवळ. चर्टचा ताजा तुटलेला पृष्ठभाग पाण्याने ओला करायचा, दहापट भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि दगड हळूहळू भिंगाजवळ आणायचा. टाचणीच्या टोकाएवढे पारदर्शक किंवा गडद ठिपके दिसतात. ते रेडिओलेरिया. कोरड्या, हवेने पांढुरक्या पडलेल्या पृष्ठभागावर काही दिसत नाही आणि मग लोक दगडालाच दोष देतात.

तर असा ८० मीटरचा सिलिकाचा गालिचा पाठीवर घेऊन फॅरॅलॉन नावाचा समुद्री भूपट्ट उत्तर अमेरिकेच्या दिशेने येत राहिला. खंडाजवळ, समुद्री भूपट्ट खंडाखाली घुसतो तिथल्या खोल गर्तेपाशी पोहोचल्यावर त्याच्यावर पहिल्यांदा खंडावरची वाळू आली. समुद्राखालच्या गढूळ लोंढ्यांनी आणलेली करडी, मातकट, खडबडीत वाळू. तिचा दगड म्हणजे ग्रेवॅक. म्हणून इथला क्रम खालून वर असा वाचायचा: उशी-लाव्हा म्हणजे रांग, चर्ट म्हणजे खुला समुद्र, ग्रेवॅक म्हणजे गर्ता. एका भूपट्टाचा सगळा प्रवास तीन खडकांत लिहिलेला. १८९५ मध्ये भूवैज्ञानिक अँड्र्यू लॉसन यांनी या खडकसमूहाला फ्रान्सिस्कन हे नाव दिलं तेव्हा भूपट्टांची कल्पनाच नव्हती. हे तीन खडक शेजारी कसे, याचं उत्तर मिळायला १९६० चं दशक संपावं लागलं.

गर्तेत भूपट्ट खंडाखाली घुसताना त्याच्या वरचा काही भाग खरवडला गेला. सुतार रंधा मारतो तेव्हा लाकडाची वरची साल निघते तसा. साली एकावर एक रचल्या गेल्या, म्हणून मरिनमध्ये बेसॉल्ट (उशी-लाव्ह्याचा दगड)-चर्ट-ग्रेवॅक हा क्रम पुन्हा पुन्हा येतो. नवख्या माणसाची पहिली चूक इथे होते. तो टेकडीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत चर्टची जाडी मोजतो आणि शेकडो मीटर सांगतो. प्रत्यक्षात तोच ऐंशी मीटरचा चर्ट प्रस्तरभंगांनी, म्हणजे खडक सरकला अशा मोठ्या भेगांनी, परत परत वर आणलेला असतो. भर म्हणून घड्या, त्याही तोच थर तीन-तीन वेळा दाखवतात. हे सिद्ध झालं रेडिओलेरियांमुळेच: वर चढताना वय कमी होत जातं आणि एकदम पुन्हा जुनं होतं. जिथे उडी पडते तिथे प्रस्तरभंग.

आता घडीकडे. पत्त्यांचा एक कॅट घ्या. त्याच्या लांब कडेवर पेनाने एक-एक सेंटिमीटरवर उभ्या रेघा मारा. दोन्ही टोकं धरून कॅट वाकवा. रेघा तिरप्या होतात, कारण पत्ते एकमेकांवरून सरकतात. पत्ता स्वतः ताणला जात नाही. मग प्रत्येक पत्त्याला डिंक लावून कॅट वाळू द्या आणि पुन्हा वाकवून बघा. तितकीच जाडी, तोच कागद, पण आता वाकत नाही. फार जोर लावला तर तुटेल. चर्ट पत्ता आहे, शेलचा पापुद्रा पत्त्यांमधली सुटी जागा. एकसंध ८० मीटर चर्ट असता तर गर्तेत त्याचे भुगे-ठोकळे झाले असते, अशा घड्या पडल्या नसत्या.

सरकण्याचं मापही निघतं. टोकदार घडीत थराची बाजू आडव्याशी जितक्या कोनात कलते, त्या कोनाचा टॅन्जंट गुणिले थराची जाडी, इतकं दोन थरांमधलं सरकणं. पाच सेंटिमीटरचा थर ४५ अंशांत कलला तर पाच सेंटिमीटर सरकणं. ६० अंशांत कलला तर साडेआठ सेंटिमीटरच्या वर. आणि घडी पडताना आडवी लांबी कोसाइनने आखडते: ४५ अंशांना दहा मीटरचे सात मीटर, ६० अंशांना दहाचे पाच. त्यापुढे घडी सहसा अडकते. थर इतके उभे झालेले असतात की रेट्याचा मोठा भाग त्यांना सरकवण्याऐवजी एकमेकांवर दाबण्यात जातो आणि घर्षण जिंकतं. रेटा चालूच राहिला तर मग बाजू तुटते, आणि घडीतून छोटा प्रस्तरभंग निघतो. कॉन्झेलमन रोडवर अशा तुटलेल्या बाजू शोधल्या तर सापडतात: वरून सुरेख दुमडत आलेला थर अचानक शेजारच्याच्या अंगावर चढलेला.

घडीच्या टोकाशी खरी गंमत आहे. जाडी न बदलता थर कोनात वळवले तर टोकाशी, दोन थरांच्या मध्ये, त्रिकोणी पोकळी राहायला हवी. खोलवर, इतक्या दाबाखाली पोकळी राहत नाही. बाजूंवरचा शेल चेपला जाऊन टोकाकडे वाहतो आणि ती जागा भरतो. म्हणून नीट पाहिलं तर पापुद्रा बाजूवर कागदाइतका आणि टोकाशी बोटभर जाड दिसतो. शेल कमी पडला तिथे पाण्यातून क्वार्ट्झ येऊन बसलं, त्याच्या पांढऱ्या शिरा दिसतात. लाल थरात टोकाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे थर ताणला गेला, तिथे पंख्यासारख्या उघडणाऱ्या बारीक पांढऱ्या रेघाही असतात. कठीण दगड वाकला तो असा: हजारो केसाएवढ्या भेगा पडल्या आणि लगेच क्वार्ट्झने सांधल्या गेल्या. मरिनचा खडक फार तापलेला नाही. समोरच्या एंजल आयलंडवर मात्र याच कुळातले खडक बरेच खोल जाऊन आले आणि तिथे ग्लॉकोफेनसारखी जास्त दाबाची निळी खनिजं तयार झाली.

थरांची जाडी सारखी असेल तरच घडी इतकी नेटकी बसते. मध्येच एखादा पंधरा सेंटिमीटरचा जाड थर आला की घोटाळा होतो. त्याचं टोक गोल, फुगीर होतं, शेजारच्या पातळ थरांच्या टोकदार कोनात ते बसत नाही, आणि तिथेच तडा जातो. घडीची लांबीही जाडीवर ठरते. एकट्या कठीण थराच्या बाबतीत लांबी थराच्या जाडीच्या सरळ प्रमाणात वाढते, पण कठीण-मऊ यांच्यातल्या फरकाच्या फक्त घनमुळाने. म्हणजे थर दुप्पट जाड केला की घडी दुप्पट मोठी, पण तेवढाच परिणाम मिळवायला कठीणपणातला फरक आठपट करावा लागतो. म्हणून घड्यांचा आकार बघून थर किती जाड हे चटकन सांगता येतं, थर किती कठीण होता हे सांगणं अवघड.

वरच्या वजनाचा परिणाम बघायचा असेल तर स्कॉटलंडचे भूवैज्ञानिक जेम्स हॉल यांचा प्रयोग घरी होतो. त्यांनी कापडाचे थर रचले, वर दगड ठेवलेलं दार ठेवलं आणि बाजूंनी फळ्यांनी रेटा दिला. १८१५ मध्ये ते छापून आलं. आपण गुळगुळीत फरशीवर सहा-सात चादरी लांबट घड्या करून एकावर एक अंथराव्या. आधी वजन न ठेवता दोन्ही टोकांनी रेटावं: मध्ये एकच मोठा उंचवटा उठतो आणि बाकी चादरी सपाट राहतात. मग वर पाट आणि त्यावर पुस्तकांचा गठ्ठा ठेवून रेटावं: उंचवटा उठू शकत नाही, आणि तीच लांबी अनेक लहान घड्यांत वाटली जाते. मधे एक जाड सतरंजी घातली तर पाट उचलल्यावर तिची घडी वेगळी, मोठी आणि गोल दिसते. फरशी खरखरीत असेल तर प्रयोग फसतो; सगळ्या घड्या रेटणाऱ्या हाताजवळच गोळा होतात. तेही चुकीचं नाही म्हणा, गर्तेच्या कडेला जवळजवळ तसंच घडतं.

मरिनच्या घड्या पडल्या तेव्हा गाळ अर्धवट मऊ होता की पुरता दगड झालेला होता, यावर जुना वाद आहे. क्वार्ट्झने भरलेल्या भेगा कठीण दगडाची साक्ष देतात. काही ठिकाणी मात्र थर टोकाशी स्वतःच जाड झालेला, भेगांशिवाय वळलेला दिसतो, आणि तिथे घसरलेल्या ओल्या गाळाची आठवण येते. दोन्ही असणं शक्य आहे. बहुतेक घड्या खरवडून रचल्या जातानाच्या आहेत, हे मत मला पटतं, कारण घड्या आणि प्रस्तरभंग एकमेकांशी हातात हात घालून येतात.

वर-खाली कोणतं, ही दुसरी अडचण. दुमडलेल्या चर्टमध्ये थर उलटा पडलेला असू शकतो आणि चर्ट स्वतः ते सांगत नाही. खालच्या बेसॉल्टला विचारावं: उशीचा माथा फुगीर असतो आणि खालचा भाग आधीच्या दोन उशांच्या फटीत घुसून टोकदार होतो. टोक जिकडे, तिकडे मूळची खालची बाजू. ग्रेवॅकमध्ये प्रत्येक लोंढ्याच्या थरात जाड वाळू खाली, बारीक वर. या दोन साक्षी जुळल्या की मधल्या चर्टची दिशा ठरते.

गोव्याच्या लोहखनिजाच्या पट्ट्यात दिसणारे हेमॅटाइट-क्वार्ट्झाइटचे दुमडलेले पट्टेही समुद्रात साचलेल्या गाळाचेच आहेत, पण ते रेडिओलेरिया जन्माला येण्याच्या कितीतरी आधीचे. दोघांना एकाच कुळातलं समजू नये. आणि चर्टची खडी काँक्रीटमध्ये वापरण्याआधी तपासून घ्यावी: त्यातली ओपलसारखी किंवा फार बारीक कणांची सिलिका सिमेंटच्या अल्कलीशी संयोग पावून फुगणारा जेल बनवते, आणि काही वर्षांनी काँक्रीटला जाळीदार तडे जातात.

प्रत्यक्ष बघायला जाल तर सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर जा. तिरक्या उन्हात पापुद्र्यांच्या खाचा उठून दिसतात. धुकं असेल तर पूल दिसत नाही, चर्ट दिसतो. रस्ता अरुंद आहे, गाड्या वळणावरून येतात, म्हणून ठरलेल्या जागीच गाडी लावा. हा सगळा भाग राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रात येतो; हातोडी चालवायची नाही, दगड उचलायचा नाही. रोडिओ बीचवर लाल-हिरव्या चर्टचे वाटाण्याएवढे गोटे पायाखाली पसरलेले असतात, तेही तिथेच ठेवायचे. सॅन फ्रान्सिस्को शहरात कोरोना हाइट्सच्या उतारावर चर्टचा एक मोठा आरशासारखा गुळगुळीत पृष्ठभाग आहे. प्रस्तरभंगाच्या दोन बाजू एकमेकींवर घासून तो झिलई आल्यासारखा चमकतो. त्यावर हात फिरवला की एका दिशेने बोटं सरकतात आणि आडव्या दिशेने बारीक खाचा लागतात. खाचांची दिशा म्हणजे सरकण्याची दिशा. कॉन्झेलमन रोडच्या दरडीत उघड्या पडलेल्या थराच्या पाठीवरही अशाच बारीक रेघा शोधा. त्या बहुतेक घडीच्या कण्याला काटकोनात असतात, म्हणजे थर शेजारच्या थरावरून टोकाच्या दिशेने सरकला होता.